छपरातला धागा

कापूस हातात आला की माझी बोटं आधी कामाला लागतात आणि डोकं नंतर. चिमूटभर रुई घ्यायची, दोन्ही अंगठ्यांत धरून ओढून तोडायची, सुटलेले धागे एकावर एक घेऊन पुन्हा ओढायचे. चार-पाच वेळा असं केलं की आडवेतिडवे धागे सरळ होतात आणि बोटांत एक लहानशी, विंचरल्यासारखी झुपकी उरते. ती सदऱ्याच्या काळ्या बाहीवर ठेवली की लांबी दिसते. अठ्ठावीस, एकोणतीस, कधी तीस मिलिमीटर. मग फुंकर मारून पत्तीचा कचरा उडवायचा आणि रंग बघायचा. गेली सव्वीस वर्षं हंगामभर जिनिंगमध्ये मी हेच काम करतो. मशीनचा आकडा येण्याआधी माझा आकडा कागदावर असतो. दोन्हींत एका मिलिमीटरहून जास्त फरक पडला तर त्या दिवशी मला जेवण गोड लागत नाही.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जी चूक मी केली ती कापूस न हाताळणाऱ्या माणसाच्या हातून झालीच नसती.

आमचं घर झरी गावाच्या अलीकडे, एका लहान गावात आहे. पुढच्या दोन खोल्यांवर स्लॅब आहे. मागे स्वयंपाकघर आणि धान्याची लांब खोली, त्यांच्यावर सिमेंटचे पत्रे. मी दहावीत असताना वडिलांनी तिथलं मातीचं माळवद उतरवून हे पत्रे टाकले. अकरा-अकराच्या दोन ओळी, एकूण बावीस. प्रत्येक पत्रा तीन मीटर लांब, मीटरभर रुंद, सहा मिलिमीटर जाड, वजन चाळीस किलोच्या वर. एका पत्र्याला चार हुक, म्हणजे अठ्ठ्याऐंशी हुक. त्यावेळी ते मीच मोजून वडिलांच्या हातात दिले होते.

आमच्याकडे त्यांना सगळे सिमेंटचे पत्रेच म्हणतात. ॲस्बेस्टॉस हा शब्द मी ऐकला होता, पण ते पत्र्याच्या एखाद्या जातीचं नाव असेल एवढंच मला वाटायचं. त्यात धागा असतो, हे छत्तीस वर्षं त्याच्याखाली जेवूनही मला माहीत नव्हतं.

हे पत्रे काढायचं बायकोच्या मनात फार दिवसांपासून होतं. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी स्वयंपाकघरात थर्मामीटर टांगला. दुपारी तीनला त्रेचाळीस. मी तिला आकडा सांगितला तर ती म्हणाली, "तुम्हाला काचेच्या नळीत बघावं लागतं. मी भाकरी तव्यावर टाकायच्या आधीच ती निम्मी भाजलेली असती."

तेव्हाच ठरवलं, या उन्हाळ्यात काम काढायचं. जुने बावीस काढायचे, वर उंची वाढवून लोखंडाचे रंगीत पत्रे टाकायचे. नवे बावीस पत्रे आले आणि अंगणात भिंतीला टेकवून उभे केले. जुन्यांचं काय करायचं, हा प्रश्नच नव्हता. आमच्या भागात छपरावरून उतरलेला पत्रा कुणी टाकून देत नाही. घराचा पत्रा गोठ्यावर जातो, गोठ्याचा शेळ्यांच्या वाड्यावर, तिथला फुटका तुकडा कोंबड्यांच्या खुराड्यावर. आमचे बावीस मी मावशीला कबूल केले होते.

मावशी नात्यातली नाही. तिच्या घरची मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या आमच्या रानात बसायची. कापूस निघाला की दोन-तीन रात्री कळप शेतात बसवायचा, लेंडीखत आम्हाला, धान्य त्यांना. पुढे तिचा नवरा गेला, तिचे गुडघे गेले, आणि तिनं हिंडणं सोडून गावच्या कडेला आपल्या तुकड्यावर वस्ती केली. आता तिच्याकडे मेंढ्या-शेळ्या मिळून बेचाळीस जनावरं आहेत. मागच्या पावसाळ्यात आठवडाभर झड लागली आणि उघड्यावर भिजून तिची सात कोकरं मेली. ती सात तिनं मला एकेक करून सांगितली होती: कोणतं कुणाचं, कोणाच्या कानावर ठिपका होता. त्यानंतरच मी म्हणालो होतो, "मावशे, उन्हाळ्यात माझे पत्रे निघतील. बावीसच्या बावीस तुझे."

तिनं त्या शब्दावर खड्डे खणून वाड्याच्या मेढी, म्हणजे खांब, रोवल्या. टेप नव्हता, म्हणून आमच्या अंगणात येऊन काठीनं पत्र्यांच्या कडेची सावली मोजून गेली. मी नंतर तिच्या मेढींना टेप लावून बघितलं. दोन बोटांचा फरक होता.

काम सुरू झालं त्या सकाळी मिस्त्री शिडीवर चढला. गंजलेला हुक फिरेना, म्हणून त्यानं हातोडा घातला. तिसऱ्या ठोक्याला हुक निघाला आणि पत्राही गेला. तीन तुकडे होऊन स्वयंपाकघराच्या दारात पडले. पांढुरका धुरळा उठला.

"जाऊ द्या, एकवीस उरले," मिस्त्री वरून म्हणाला. "मावशीला एक बकरं कमी कराय सांगा."

बायको झाडू घेऊन आली आणि तिनं दारातला सगळा धुरळा खसाखसा झाडून अंगणात लोटला. मी तुकडा उचलला. फुटलेल्या कडेला उन्हात काहीतरी चमकत होतं. सिमेंटच्या राखाडी दाण्यांतून पांढरे, मऊ केस बाहेर आलेले होते. तुटलेल्या दोरीच्या टोकाला येतात तसे.

इथं माझी बोटं डोक्याच्या पुढे गेली. मी कडेची चिमूट धरली आणि ओढली. बारीक झुपका हातात आला. दोन अंगठ्यांत धरून पुन्हा ओढला, सरळ केला, बाहीवर ठेवला, खिशातलं भिंग काढून बघितलं. चार मिलिमीटर. आखूड. एवढ्या लांबीचा कापूस आम्ही दारात उभा करत नाही. मग सवयीनं फुंकर मारली.

पण काहीतरी चुकत होतं. कापसाचा धागा ओढत गेलं की शेवटी तुटतो. हा तुटत नव्हता, उभा चिरत होता. एकाचे दोन, दोनाचे चार, आणि त्या चारांतला प्रत्येक पुन्हा चिरायला तयार. भिंगाखाली मला त्याचं शेवटचं टोक सापडेना. मी सव्वीस वर्षं धागे बघतोय. असा धागा मी बघितला नव्हता.

धागा ओळखायचा आमचा दुसरा उपाय काडीचा. कापूस जाळला की कागदासारखा वास येतो, लोकरीला केसासारखा, नायलॉनची गुठळी होते. मी काडी ओढली. झुपका लाल झाला, तापलेल्या तारेसारखा. काडी विझली आणि झुपका होता तसा पांढरा. वास नाही, राख नाही, गुठळी नाही. पुन्हा काडी ओढली, पुन्हा तेच. झुपका परत बाहीवर ठेवला.

मी दारात उकिडवा बसून राहिलो. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी आनंद झाला होता. आयुष्यभर एका विषयात काम करावं आणि पन्नाशीनंतर आपल्याच छपरातून त्या विषयाचं भलतंच पान निघावं, तसं काहीतरी. मिस्त्री वरून हाका मारत होता. मी त्याला म्हणालो, "थांब जरा," आणि सरांना फोन लावला.

सरांनी मला तरुणपणी धाग्यांच्या तपासणीचं शिक्षण दिलं होतं. आता ते निवृत्त होऊन दुसऱ्या जिल्ह्यात राहतात. मी उत्साहानं सगळं सांगितलं: चार मिलिमीटर, उभा चिरतो, जळत नाही. पलीकडून त्यांनी एवढंच विचारलं:

"आत्ता तो झुपका कुठं आहे?"

"बाहीवर, सर."

"फुंकर मारलीस?"

मी बाहीकडे बघितलं.

"मारलीस. मला माहीत आहे, मीच शिकवलीय. आता नीट ऐक. हात हलवू नकोस. फडकं भिजव, बाहीवर ओलं ठेव, त्यातच तो झुपका गुंडाळ. मग सदरा काढ, पिशवीत घाल, तोंड बांध. आणि वर जो कोणी आहे त्याला खाली उतरव."

हे सगळं केल्यावर त्यांनी मला समजावून सांगितलं. तो धागा दगडाचा आहे. खाणीतून निघणाऱ्या एका दगडात तो तसाच, धाग्याच्या रूपात असतो. सिमेंटला ताकद यावी म्हणून मिसळतात, शंभर भागांत साधारण आठ-दहा भाग. पत्रा धड आहे तोवर सिमेंट त्याला धरून ठेवतं. पत्रा फोडला, कापला, भोक पाडलं, घासला की तो सुटतो.

"कापसाचा धागा किती मायक्रॉन?" त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"पंधरा-वीस, सर."

"याचा सगळ्यात बारीक तंतू इतका बारीक की कापसाच्या एका धाग्याच्या रुंदीत असे शेकडो शेजारी शेजारी मावतील. तू भिंगातून बघितलास तो धागा नव्हता, मोळी होती. जे उडालं ते तुला दिसलंच नाही. कापसाची धूळ नाकात अडकते, खोकला येतो, बरीचशी बाहेर पडते. हे फुप्फुसाच्या तळापर्यंत जातं. तिथं विरघळत नाही, कुजत नाही. आजार दिसायला वीस-तीस वर्षं लागू शकतात."

"सर, किती धागे गेले तर चालतात? काहीतरी मर्यादा असेल ना?"

"इतक्याला काही होत नाही असा आकडा कोणी छातीठोक देत नाही. जितकं कमी तितकं बरं. एका सकाळीमुळे घाबरून जाऊ नकोस. पण दुसरी सकाळ नको."

आकडा नाही. मला आयुष्यात प्रत्येक गोष्टीला आकडा मिळाला होता. पावसाला, ओलाव्याला, कचऱ्याला, माझ्या रक्तातल्या साखरेला. अर्ध्याच तासापूर्वी मी या वस्तूला चार मिलिमीटर म्हणून मोजून बाजूला ठेवलं होतं, आणि ती मोजमापाच्या खालून निघून गेली होती. मी तालुक्याच्या डॉक्टरांनाही जाऊन विचारलं. त्यांनी छाती तपासली, वहीत नोंद केली आणि सरांचंच म्हणणं वेगळ्या शब्दांत सांगितलं.

त्या दिवशी आम्ही आणखी एक काम केलं. सरांनी विचारलं होतं, "घरात दुसरीकडे कुठं तुकडे आहेत का?" मी नाही म्हणालो होतो. बायकोनं मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. शेगडीच्या मागे भिंत काळी होऊ नये म्हणून वीस वर्षांपासून एक तुकडा उभा होता, वडिलांच्या वेळचाच उरलेला. दर दिवाळीला ती तो तारेच्या घासणीनं घासायची. रांजणाखाली दुसरा. ती दोन्ही तुकड्यांकडे बघत राहिली.

"मी तर याला लख्ख करायचे," ती म्हणाली.

दोन्ही तुकडे ओले करून, जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून बाजूला ठेवले. दारातला आणि अंगणातला धुरळा पाण्यानं भिजवून ओल्या फडक्यांनी पुसून घेतला, फडकी आणि तो झाडू पिशवीत घातले. झाडायचं नाही, पंखा लावायचा नाही, हे तिनं घरात येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला बजावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी मावशी पत्रे न्यायला आली. शेजाऱ्याची बैलगाडी मागून आणली होती, त्यात कडबा अंथरला होता, पत्रे आदळून फुटू नयेत म्हणून. मी तिला ओट्यावर बसवलं आणि सरळ सांगितलं, "मावशे, हे पत्रे मी तुला देऊ शकत नाही."

ती बैलाच्या कासऱ्याला हात लावून तशीच बसली. "दुसऱ्या कुणाला कबूल केले का?"

"नाही. यात विषारी धागा आहे. फुटला की उडतो, छातीत जातो."

"बापू, तुमी याच्याखाली जेवलात. तुमची लेकरं याच्याखाली न्हाली-वाढली. छत्तीस वर्सं तुमच्या डोक्याला चाललं. माझ्या शेळ्यायच्या डोक्याला चालत न्हाई व्हय?"

ती बरोबर बोलत होती.

"न्हाई म्हणायचं तर न्हाई म्हणा," ती पुढे म्हणाली. "छातीत जातंय, उडतंय, आसलं कामून सांगायलात? म्या मेढी रोवल्यात. एक महिन्यात पानी येईल. मंग काय मेढीवर लुगडं पांघरू?"

बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली. मावशीनं पाणी घेतलं नाही. आमच्याकडे कुणी पाणी नाकारलं तर ते प्रकरण साधं राहत नाही.

मग मी आत गेलो आणि काचेची बाटली घेऊन आलो. सरांच्या सांगण्यावरून तो झुपका मी पाण्यात बुडवून, झाकण लाखेनं बंद करून ठेवला होता. मी बाटली आणि भिंग तिच्या हातात दिलं. मावशीच्या पिशवीत तेव्हाही चाती, हातानं फिरवायची कताईची फिरकी, होती. बसल्या जागी लोकर कातायची तिची सवय आहे, बोलताना, भांडतानासुद्धा. तिनं चाती मांडीवर ठेवली, बाटली उन्हात धरली आणि भिंगाला डोळा लावला.

पाण्यात तो झुपका सुटून पसरला होता. प्रत्येक केसाला केस फुटलेला, आणि बाटली हलली की सगळं मिळून हळूच हेलकावे खायचं.

"कुन्या जनावराची हाय?" तिनं विचारलं.

"जनावराची नाही. दगडाची आहे."

"दगडाला लोकर?"

"हो."

"आन्‌ मऊ दिसायली." तिनं बाटली फिरवली. "लय तलम हाय, बापू. आमची लोकर याच्यापुढं काथ्या हाय. ही कातता येईल."

"जुन्या काळी लोक कातायचे म्हणे. कापड करायचे. आगीत टाकलं तरी जळायचं नाही."

तिनं भिंग खाली घेतलं. "जळत न्हाई?"

"मी दोन काड्या ओढून बघितलं. नाही जळत."

"कुजत तरी आसंल. आमची घोंगडी मातीत पडली की दोन पावसाळ्यात माती व्हती."

"कुजत नाही."

ती बाटलीकडे बघत होती. मी अजून छातीचं, फुप्फुसाचं, मायक्रॉनचं काही समजावलं नव्हतं. समजावायला तोंड उघडलं, तोवर तीच सावकाश बोलली.

"जाळून जात न्हाई. कुजून जात न्हाई. मंग आत गेल्यावर कुठून जाईल?"

सरांना जे मला समजावून सांगायला पाव तास लागला होता, ते ती भिंगातून बघून एका वाक्यात बोलली होती. तिनं आयुष्यभर लोकर कातली, मी आयुष्यभर कापूस ओढला. आम्ही दोघं ओट्यावर बसून त्या बाटलीकडे बघत होतो आणि दोघांनाही तिची थोडी भीती वाटत होती, आणि दोघांनाही ती खाली ठेवावीशी वाटत नव्हती.

शेवटी तिनंच ती मला परत दिली. "न्हाई न्यायची मी," ती म्हणाली. "माझी नात त्या वाड्यात खेळती. शेळ्या शिंगं घासत्यात, वर चढत्यात. ही खाली येईलच." मग कडब्याकडे बघून म्हणाली, "पन कोकरं तर भिजतील."

मी म्हणालो, "मी काहीतरी बघतो." या वाक्याची किंमत मला आणि तिला दोघांनाही माहीत होती.

तेव्हा बायको दारातून बोलली. "आवो, सर काय म्हणले? धड हाय तो पत्रा हलवूच नका म्हणले ना?"

"हो."

"मग आपले धड हायेत तेवढे तसेच राहू द्या. आणि ते नवे मावशीला द्या."

मी तिच्याकडे बघितलं. नवं छप्पर तिचं होतं. त्रेचाळीसचा आकडा तिच्या स्वयंपाकघराचा होता. मी म्हणालो, "आणि तुझी भाकरी?"

"भाजलेलीच हाय म्हणलं ना. आधी बघा तर खरं, किती धड हायेत. नुसते मोजता, आज कामाला येऊ द्या तुमचं मोजणं."

मावशीनं तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्याली.

पुढच्या दोन दिवसांत मी एकेक पत्रा बघितला. वर चढायचं नाही, हे सरांनी बजावलं होतं. जुना पत्रा माणसासकट खाली येतो. खालून टॉर्च मारून आणि शिडी भिंतीला लावून दुर्बिणीतून मी बघत होतो. प्रत्येक पत्र्याला क्रमांक दिला. तडा, कडेचा भुगा, हुकाजवळची चीर, ओल, असे रकाने केले. फुटलेला गेला, राहिले एकवीस. त्यातले दोन हुकाजवळ चिरलेले निघाले. एकोणीस धड. सरांना सगळ्यांचे फोटो पाठवले. ते म्हणाले, एकोणीस राहू देत, दोन काढ, पण हे मिस्त्रीचं काम नव्हे. कारखान्यांची जुनी छपरं उतरवणारी दोन शिकलेली माणसं त्यांनी शोधून दिली.

ती दोघं आली त्या दिवशी निम्मं गाव लांब उभं राहून बघत होतं. मिस्त्रीनं तोंडाला रुमाल बांधला, तर त्यांनी हसून तो काढायला लावला आणि त्याला कुंपणाबाहेर पाठवलं. त्यांचे मुखवटे गालाला घट्ट बसणारे, दोन्ही बाजूंना गाळण्या असलेले. रुमालातून हा धागा असा जातो, त्यातला एक म्हणाला, जसा दारातून माणूस. खाली जाड प्लास्टिक अंथरलं. मी फवारणीचा कोरा पंप आणला होता. त्यात पाणी आणि थोडं साबणाचं पाणी भरून ते पत्र्यावर मंद फवारा मारत राहिले, पत्रा वरून, खालून, कडांनी काळा होईपर्यंत. हातोडा नाही. हुकाचा गज खालून लोखंड कापायच्या कातरीनं कापला. दोघांनी दोन टोकं धरून पत्रा उचलला आणि दोरानं सावकाश उतरवत, आईनं झोपलेलं लेकरू खाली ठेवावं तसा प्लास्टिकवर ठेवला. लगेच गुंडाळला, पुन्हा गुंडाळला, चिकटपट्टी लावली, आत काय आहे ते वर लिहिलं. पहिल्या पत्र्याला मिस्त्रीच्या हातोड्याचे तीन ठोके लागले होते. या एकाला अडतीस मिनिटं लागली. आवाज म्हणावा असा आलाच नाही. अंगणात धुरळ्याचा कण दिसला नाही. शेवटी त्यांनी अंगावरचे कागदी कपडेही ओले करून पिशवीत भरले.

"आसं उतरवायचं तर वर्सात एकच घर व्हईल माझ्याच्यानं," मिस्त्री कुंपणापलीकडून म्हणाला. मग जरा वेळानं, जवळ येऊन हळूच, "भाऊ, म्या आजवर किती फोडले आसतील वो?"

मी नेहमी आकडा सांगणारा माणूस. त्याला मी म्हणालो, "ते आता मोजू नकोस. आजपासून फोडू नकोस." त्यालाही मी डॉक्टरांकडे घेऊन गेलो. आता तो कुणाचं जुनं छप्पर दिसलं की आधी मला फोन लावतो.

काढलेले पत्रे, पहिल्या पत्र्याचे तुकडे, घरातले दोन तुकडे, माझा सदरा आणि तो झाडू, अशी सगळी मिळून नऊ गाठोडी झाली. अशा वस्तू पुरण्याची परवानगी असलेली जागा लांब आहे आणि घरगुती माल घ्यायची तिथली रीत अजून धड ठरलेली नाही. मी अर्ज केला आहे, दोनदा आठवण दिली आहे. तोवर गाठोडी विहिरीपासून लांब, पक्क्या फरशीवर, कुलपात आहेत. उकिरड्यावर टाकणं सोपं होतं. गावात पूर्वी तेच होत आलं.

मोकळ्या झालेल्या तीन जागांवर नव्यातले तीन पत्रे बसले. स्वयंपाकघरात भिंतीपासून भिंतीपर्यंत वेगळी चौकट टाकून, जुन्या पत्र्यांना स्पर्श न करता, खालून छत केलं. थर्मामीटर आता दुपारी सदतीस दाखवतो. बायको म्हणते, छत्तीस असता तर तुमचं कौतुक केलं असतं.

नव्यातले एकोणीस उरले. ते न्यायला मावशी आली, तेव्हा मी सांगितलं की तीन मागवलेत, परवा येतील.

"एकोणीसनं भागतंय की," ती म्हणाली. "तीन कशाला?"

"शब्द बावीसचा होता."

"बापू, तुमच्या बापानंबी आसंच केलं आसतं," ती म्हणाली आणि हसली. "पन त्यानं मला बाटली दावली नसती."

तिचा वाडा पावसाच्या आधी झाला. पत्रे तापू नयेत म्हणून तिनं वर पऱ्हाट्या पसरल्या. माझ्याच शेतातल्या, कापूस वेचून झालेल्या. श्रावणात झड लागली तेव्हा मी छत्री घेऊन तिच्याकडे गेलो. पाऊस पत्र्यावर असा वाजत होता की बोललेलं ऐकू येत नव्हतं. आत कोरड्या मातीवर कोकरं एकमेकांत घुसून बसली होती. मी मोजली. अकरा. तिला बोटांनी खूण करून विचारलं, जन्मली किती होती? तिनं दोन्ही हातांची दहा बोटं दाखवली आणि मग आणखी एक.

परवा ती आमच्याकडे आली, चाती फिरवत मागच्या ओट्यावर बसली आणि वर मान करून आमच्या एकोणीस जुन्या पत्र्यांकडे बघत राहिली. मी दर महिन्याच्या एक तारखेला ते दुर्बिणीतून तपासतो आणि रकाने भरतो. त्या दिवशी एक तारीख होती आणि वही माझ्या हातात होती.

"तिथंच हाय का वो ती अजून?" तिनं विचारलं.

"तिथंच आहे. एकोणीसच्या एकोणीस धड."

"किती आसंल ती लोकर, समदी मिळून?"

मी मनात हिशोब केला. एकोणीस पत्रे, प्रत्येकी चाळीसच्या वर किलो, त्यातला शंभरात आठ-दहा भाग. साठ किलोच्या वर. दीड मणाहून जास्त, आमच्या डोक्यावर, पाऊस-ऊन झेलत, हालचाल न करता. त्यातले तंतू किती, तो आकडा लिहायला माझ्या वहीचं पान पुरलं नसतं.

मी तिला साठ किलो म्हणून सांगितलं. तिची चाती थांबली. तिनं पुन्हा वर बघितलं आणि आवाज खाली घेऊन, झोपलेल्या माणसाजवळ बोलावं तसं म्हणाली, "मंग जरा हळू बोला."